पोरांच्या वहीवर कुणाची शाई?



लिहायला शिकवण्याचा धंदा सध्या जोरात आहे. कविता शिका, कथा शिका, दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्ता आणि जाताना सर्टिफिकेट. फी ऐकली तर आपल्या वस्तीतल्या एका घराचं महिन्याचं राशन त्यात येईल. आपलं पोरगं तिथं जात नाही. गेलंच तर मागच्या खुर्चीवर बसून, तोंड न उघडता परत येतं. त्यावर रडायला मी हे लिहीत नाही. ज्यांचं दुकान आहे त्यांनी चालवावं. माझा सवाल आपल्या लोकांना आहे. आपल्यात जे लिहितात, ज्यांचं छापून येतं, जे १४ एप्रिलला स्टेजवर कविता म्हणतात, त्यांच्याकडं वस्तीतली पोरं वह्या घेऊन येतात. या वह्यांचं आपण काय करतो?

मी सांगतो काय करतो. एक तर न वाचता पाठ थोपटतो. ‘वा, विद्रोही आहे, लिहीत रहा.’ नाय तर पेन काढून पोराच्या वहीत आपलीच कविता लिहून देतो. दोन्हीत पोराचं लिहिणं मरतं. एकात उपाशी मरतं, दुसऱ्यात आपल्या वजनाखाली चेंगरून.

शिकवणं या गोष्टीचा आपल्याला संशय आहे, आणि तो असायलाच पाहिजे. गुरू म्हटलं की आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवतो. द्रोणानं एक धडा दिला नाही, एक बाण हातात दिला नाही, फी मात्र अंगठ्याची घेतली. म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात, लिहिणं शिकवता येत नाही, ते आतून पेटतं. ऐकायला झकास. पण हे म्हणणारा माणूस स्वतः कुणाच्या तरी खोलीवर रात्ररात्र बसून शिकलेला असतो. कुणीतरी त्याला पहिलं पुस्तक दिलेलं असतं, कुणीतरी त्याची पहिली कच्ची कविता ऐकून घेतलेली असते. आपण वर पोचलो की दोर ओढून घ्यायचा आणि खालच्याला सांगायचं, तू उडून ये. हाही द्रोणच झाला की. फक्त आपल्या गल्लीतला.

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले. बुद्ध, कबीर, फुले. तिघांपैकी एकालाही ते भेटलेले नव्हते. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरात गेले आणि बाबासाहेब १८९१ च्या एप्रिलात जन्मले. म्हंजे या गुरूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाया पडून घेतलं नाही. विचार मागं ठेवले आणि निघून गेले. जिता माणूस जो भेटला तो केळुसकर गुरुजी, कृष्णराव अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा पोरगा त्यांनी हेरला. १९०७ साली तो पोरगा मॅट्रिक झाला, त्याच्या सत्काराच्या सभेत त्यांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र दिलं. पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला, शिक्षणाला मदत मिळवून दिली. केळुसकरांनी काय केलं ते नीट बघा. पुस्तक दिलं आणि पैशाची सोय केली. काय विचार कर, काय लिही, हे सांगितलं नाही. त्या पुस्तकाचं पुढं काय करायचं ते त्या पोरानं ठरवलं, आणि १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं.

त्याच्याही आधीचं सांगतो. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. मुक्ताबाई तिचं नाव. पुण्यात जोतीरावांच्या शाळेतली विद्यार्थिनी. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी. आपल्या साहित्याचा इतिहास सांगणारे १९५८ च्या दादरच्या संमेलनापासून सुरुवात करतात, कुणी १९७२ पासून. त्याच्या शंभर वर्षं आधी ही शाळकरी पोरगी लिहून गेली. तिनं काय लिहिलं? वेद जर बामणांचे तर मग आमचा धर्म कुठला, असा सरळ हिशेब मांडला. आणि लिहिलं की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसतं. छप्पर! ‘दुःख, दुःख’ करत ती बसली नाही. पाऊस कुठून आत येतो ते तिनं दाखवलं. तिला शिकवणारी माणसं स्वतः लिहिणारी होती. सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ चं. पण त्या निबंधावर नाव मुक्ताबाईचंच राहिलं. हा आपला पहिला धडा. अक्षर द्यायचं, छापायला जागा मिळेल असं बघायचं आणि मग बाजूला व्हायचं.

आता आजच्या वहीकडं येऊ. माझ्या वस्तीतला एक पोरगा अकरावीत आहे. नाव सांगत नाही. तो माझ्याकडं येतो. मी काही प्राध्यापक नाही. दहावी पास, पुढं गोदी. दोन-चार अंकांत कविता आल्यात, एवढंच. तो येतो कारण दुसरं कुणी त्याचं ऐकून घेत नाही. त्याची शाळेतली निबंधाची वही मी बघितली. लाल शाईचा नुसता चिखल. ‘पानी’चं ‘पाणी’. ‘आई बोलली’चं ‘आई म्हणाली’. ‘शर्ट भेटला’चं ‘शर्ट मिळाला’. खाली शेरा : भाषा अशुद्ध. मार्क दहातले तीन. आणि निबंध कशावर? पाण्याच्या टँकरवर. टँकर किती वाजता येतो, रांगेत कुणाची भांडी पुढं सरकतात, कोण कुणाचा पाइप उपटतं, सगळं त्यानं लिहिलं होतं. तपासणाऱ्याला त्यातला फक्त ‘न’ दिसला. तहान दिसली नाही.

मग पोरानं काय करायचं? आपल्यातले काही शहाणे त्याला सांगतात, फेक ते व्याकरण, बामणी आहे. हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पोराला मात्र दोन-दोन ट्यूशन असतात. मी त्याला सांगितलं, ‘ण’ शीक. नीट शीक. पेपरात ‘पाणी’ लिही, मार्क घे, पुढं जा. मार्क हेपण हत्यार आहे आणि ते आपल्याकडं कमीच आहे. पण कवितेत तुझी आय ‘पानी’ म्हणत असेल तर ‘पानी’च लिही. कुणी विचारलं तर का लिहिलं ते ठासून सांग. ‘ण’ येतो आणि तरी ‘न’ लिहिला, तर तू त्या शब्दाचा मालक. ‘ण’ येतच नाही म्हणून ‘न’ लिहिला, तर मालक दुसराच कुणीतरी.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी नामदेवबरोबर ती वस्ती फिरून बघितली, शब्द कळले नाहीत तिथं अर्थ विचारले. नाव झालेला लेखक, पण विचारायला लाजला नाही. आणि पुस्तकाची भाषा गोलपिठ्याचीच राहिली. पोराची वही हातात घेणाऱ्याकडं एवढी तरी अदब पाहिजे. कळलं नाही तर विचार. खोडू नको.

शाळेची लाल शाई सगळ्यांना दिसते. तिच्यावर आपण भाषणं करतो. आता दुसरी शाई सांगतो. ती निळी आहे, आपली आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

याच पोरानं मला पहिली कविता आणून दाखवली. तिच्यात हजारो वर्षांचा अंधार होता, मशाल होती, सूर्य दोनदा उगवला होता, ज्वालामुखी एकदा फुटला होता आणि शेवटी व्यवस्थेची राख झाली होती. पोरगा सोळा वर्षांचा. ज्वालामुखी त्यानं बघितलेला नाही, मीपण नाही. हे शब्द त्यानं आणले कुठून? आपल्याकडून. जयंतीच्या स्टेजवरून, आपल्याच अंकांतून. एके काळी हे शब्द जिते होते. ज्यांनी पहिल्यांदा वापरले त्यांनी लाठ्या खाऊन, केसेस अंगावर घेऊन वापरले. आता त्यांचा युनिफॉर्म झालाय. आज मोबाईलला सांगा, ‘एक विद्रोही कविता दे’, अर्ध्या मिनिटात तो अंधार, सूर्य, मशाल ओळीनं लावून देतो. साला, जे मशीनला जमतं ते पोराकडून कशाला करून घ्यायचं?

मी त्याला विचारलं, तुझ्या खोलीवर चढायला काय आहे?

लोखंडी शिडी.

पायऱ्या किती?

अकरा.

सगळ्या धड?

नाय. चौथी तुटलीय, तारेनं बांधलीय.

पाणी कोण चढवतं?

आय. डोक्यावर हंडा घेऊन. टँकर रात्री आला तर रात्रीपण.

मग चौथ्या पायरीवर ती काय करते?

पोरगा गप्प झाला. जरा वेळानं बोलला, ती तिथं थांबते. हंडा सांभाळते. आणि मी खालून तार धरून उभा राहतो.

म्हटलं, जा. हे लिहून आण.

त्यानं लिहून आणलं. बारा ओळी. विद्रोह हा शब्द त्यात कुठं नव्हता. दोस्तांना दाखवली तर ते म्हणाले, यात विद्रोह कुठाय? बाबासाहेब कुठायत? जयंतीला मशालवालीच म्हण, टाळ्या पडतील. त्यानं मशालवाली म्हटली आणि टाळ्या पडल्या. हे मी नाकारत नाही. दिवसभर राबून आलेली माणसं मैदानात बसलेली असतात, त्यांना त्या वेळी मशाल लागते. स्टेजला आणि शाहिरीला हिणवणाऱ्यातला मी नाही. अण्णाभाऊ साठे शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि मैदानं हलवली. पण त्याच माणसानं एकटं बसून ‘फकिरा’ कादंबरीही लिहिली. १९५९ साली ती आली आणि त्यांनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मैदान त्यांचं होतं आणि एकट्यानं बसायचा कोपराही त्यांचाच होता. आपण पोरांना फक्त मैदान दाखवतो. म्हणून माझं म्हणणं असं की पोरानं मशालवाली म्हणावी, आणि तिच्यामागून शिडीवालीपण म्हणावी. टाळ्या नाही पडल्या तर नाही पडल्या. पुढं बसलेल्या दहा बायांना आपापली चौथी पायरी आठवली तर तिथं काहीतरी सुरू होतं. ती पायरी कुणी बांधून दिली नाही, नळ कुणी आणू दिला नाही, हा सवाल त्या घरी घेऊन जातात. विद्रोह दुसरा काय असतो?

कुणी म्हणेल, हा गडी पोरांना फार घासतो. हो, घासतो. ‘आपलं पोरगं आहे, दुःख खरं आहे, मग कविता चांगलीच असणार’, असं म्हणणं ही दया आहे. दया आपल्याला वरचे लोकही देतात, त्यासाठी चळवळ लागत नाही. गोदीत नवा माणूस टोळीत आला की त्याला कुणी भाषण देत नाही. जुना माणूस त्याला आपल्या शेजारी उभा करतो. लटकत्या मालाखाली उभा राहू नको. सिग्नल देणाऱ्याच्या हातावर नजर ठेव. वायर ताणायच्या आधी बोटं काढ. पहिल्या दिवशी एवढंच. पण माल नीट बांधला नसेल तर जुना माणूस सगळ्यांसमोर ओरडतो आणि परत बांधायला लावतो. ‘आपल्याच गावचा आहे, शिकेल हळूहळू’ म्हणून ढिली गाठ तशीच कुणी वर जाऊ देत नाही, कारण खाली दुसऱ्या कुणाचं तरी डोकं असतं. कवितेतल्या ढिल्या ओळीनं कुणी मरत नाही, कबूल. पण ज्याचं जगणं त्या ओळीत बांधलंय ते निसटून खाली पडतं आणि परत सापडत नाही. म्हणून चौथ्यांदा लिही म्हटलं तर पोरानं रागावू नये, आणि म्हणणाऱ्यानं लाजू नये. घासून लिहिणं ही काय सदाशिव पेठेची मालमत्ता नाही.

पण घासायचं म्हंजे आपल्या साच्यात घालायचं नाही. प्रस्थापित संपादकाला आपल्याकडून एकच माल पाहिजे असतो. बापाची दारू, आयचं फाटकं लुगडं, मेलेलं ढोर. विशेषांकात एवढं आलं की त्याचं पुरोगामीपण वर्षभर पुरतं. आणि आपण? आपणही पोराकडं तेच मागतो. रोहित वेमुला आठवा. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी. करणारा पोरगा, जानेवारी २०१६ मध्ये गेला. मरणाआधीच्या पत्रात त्यानं लिहिलं की आपल्याला लेखक व्हायचं होतं, विज्ञानाचा लेखक, कार्ल सेगनसारखा. ताऱ्यांवर त्याचं प्रेम होतं. आपण त्याचा फोटो घेऊन रस्त्यावर उतरलो, उतरायलाच पाहिजे होतं. पण ताऱ्यांचं काय? त्याच्या मागून आलेल्या किती पोरांना आपण आभाळावरचं एक पुस्तक आणून दिलं? उद्या वस्तीतलं पोरगं गुरूच्या कड्यावर नाय तर समुद्रातल्या खेकड्यावर लिहायला लागलं, तर त्याला ‘तू चळवळ सोडलीस’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आभाळ त्यांच्या बापाचं नाही, तसं ते आपल्यासाठी बंदपण नाही.

आणि पोरींच्या वह्या? त्या आपल्याकडं येतच नाहीत. का येत नाहीत हे कधी विचारलं? आपल्या कवितेतली निम्मी शिवी कुणाच्या तरी आय-बहिणीच्या अंगावर पडते, आणि आपण तिला धग म्हणतो. बैठकीत बारा पुरुष बिड्या ओढत बसलेले. तिथं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीनं वही उघडायची कशी? बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. त्यांनी ते घरातल्यांपासून लपवून लिहिलं होतं आणि वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं. ज्या वह्या कधीच बाहेर आल्या नाहीत त्या किती असतील, हिशेब करा. पोरीची वही बाईनं वाचावी, दिवसाउजेडी, चार जणींत बसून. आणि आपण पुरुषांनी तोवर निदान सतरंजी अंथरायचं काम करावं.

तर करायचं काय? लिहिणाऱ्या प्रत्येकानं एक पोरगं धरावं. एकच. फी नको, पाया पडणं नको, त्याच्या गळ्यात आपली पुस्तकं मारणं नको. वही घरी न्यायची, दोनदा वाचायची, पण वहीवर पेन टेकवायचं नाही. जे विचारायचं ते तोंडी विचारायचं. किती? कुठं? कोण? हातात काय होतं? उत्तर त्याला लिहू द्यायचं, आपण पुरवायचं नाही. वाचायला आपलंही द्यायचं आणि परकंही. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ द्यायचं, नारायण सुर्वे द्यायचे आणि मर्ढेकरसुद्धा द्यायचे. वाचू दे, भांडू दे. न वाचता शिव्या देणं सोपं असतं, वाचून दिलेली शिवी जिव्हारी लागते.

दुसरं काम जागेचं. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू, धाकटी भावंडं, स्टोव्ह, येणारे-जाणारे. तिथं माणूस लिहील कसा? विहाराला रात्री लवकर कुलूप लागतं. ते अकरापर्यंत उघडं ठेवा. एक ट्यूबलाईट, एक सतरंजी, प्यायचं पाणी आणि लक्ष ठेवायला पाळीनं एक माणूस. जयंतीच्या डीजेला जेवढे पैसे लागतात त्यातल्या थोडक्यात वर्षभर दिवा जळेल. पोरगं आधी अभ्यास करील, उरलेल्या वेळात लिहील. क्रम हाच राहू द्या. कविता लिहितो म्हणून बारावीला नापास झालेल्या पोराच्या आयला आपण तोंड दाखवू शकणार नाही. तिनं हंडे वाहून त्याची फी भरलेली असते.

तिसरं काम याच अंकाच्या संपादकांचं. प्रत्येक अंकात चार पानं विशीच्या आतल्यांना द्या. वर कुणा थोरल्याची प्रस्तावना नको, आशीर्वाद नको, ‘माझा विद्यार्थी’ म्हणून चौकट नको. खाली त्याचं नाव, बास. पानं कमी पडली तर आमच्या कविता काढा. माझी आधी काढा.

आणि शिकवणाऱ्याला पास की नापास ते पोरगंच ठरवणार. एक दिवस ते येऊन तोंडावर सांगेल, तुमची ती कविता मला पटली नाही, तिसरी ओळ खोटी आहे, टाळीसाठी घातलीय. त्या दिवशी चिडू नका. दोन कटिंग मागवा आणि ती ओळ त्याच्यासमोर परत वाचा. ते म्हणतंय ते बहुतेक खरं असेल.

जयभीम.